पाळीची गाडी

कॉलेजची जवळजवळ चार वर्षं मी एसटीच्या एकाच बाकावर, खिडकीशी बसून काढली, आणि त्या सगळ्या काळात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गाडीत माणसं नव्हती असं नाही. माणसं होती, बाजाराच्या दिवशी तर दांडीला धरून उभी होती, आणि त्यातली निम्मी माझ्यासाठीच गाडीत चढलेली होती. तरी माझ्या शेजारची जागा रिकामी. पुढं नोकरीत असताना मी हे कचेरीतल्या बायकांना सांगितलं, तर त्यांना वाटलं मला कसला तरी रोग असणार. रोग नव्हता, मान होता. पण अठराव्या वर्षी अंगावर दोन्ही सारखेच बसतात, हे त्यांना काही मला पटवून देता आलं नाही.

आमचं गाव फाट्यापासून दोन कोस आत, कृष्णेच्या काठाला. कागदोपत्री सांगली जिल्ह्यात, पण जुनी माणसं अजून स्वतःला सातारचीच म्हणवायची. घरटी एक माणूस पलटणीत आणि उरलेली उसात. राजकारण म्हणाल तर दोनच पक्ष, वरची आळी आणि खालची आळी. वरची आळी ऊन पडलंय म्हणाली की खालची आळी छत्री उघडणार. आम्ही वरच्या आळीचे. आमच्या भिंतीला भिंत लावून वडिलांच्या चुलतभावाचं घर होतं, म्हणजे माझे काका, पण ते खालच्या आळीचे पुढारी. भावकीत काही तरी बिनसलं होतं. काय ते नक्की कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळं मिटवायचं काय हेही कळत नव्हतं. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

मी मॅट्रिक झाले त्याच सुमाराला तालुक्याच्या निवडणुका लागल्या. वरच्या आळीनं उमेदवाराची सभा मारुतीच्या देवळापुढं घेतली. खेड्यातल्या तरुणांना शिकायचं तर स्वस्तात प्रवास मिळाला पाहिजे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे पण पास घेऊन बसायला गावात गाडीच येत नाही, असं त्याचं भाषण होतं, आणि ते खरंच होतं. मी पहिल्या वर्गात पास झालेली गावातली पहिली मुलगी. म्हणून मला घरून बोलावून आणलं आणि जत्रेत खिलारी खोंड उभं करतात तसं स्टेजवर उभं केलं. "ही बघा गावाची लेक," उमेदवार म्हणाला, "हिनं काय दोन कोस चालत जायचं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. मला कॉलेजला जायचं होतं आणि वडिलांनी मला चालत फाट्यापर्यंत पाठवायला साफ नकार दिला होता. गाडी आली तर कॉलेज, नाही तर लग्न, एवढा सरळ हिशेब होता.

तेवढ्यात काका उठले. सभा वरच्या आळीची, तरी ते मागं येऊन बसले होते.

"एक इचारू का साहेब? सवलत तरण्या पोरांना म्हणता न्हवं? मग माझा पोरगा म्हातारा हाय काय? कुपवाडला कारखान्यात काम शिकतोय. हिच्या वर्गात हुता. हातात पुस्तक असलं की सवलत, आन हातात पाना असला की पुरं तिकीट, ह्ये कुठलं शाणपण?"

"कामगाराला पगार असतो, पाटील," उमेदवार हसत म्हणाला.

"आवं शिकाऊ हाय त्यो. पगार कुठला, च्या मिळतोय त्येला."

सभा हसली. उमेदवारानं "मागणी वर कळवतो" म्हणून विषय मिटवला. घरी येताना वडील म्हणाले, "बरोबर बोलला त्यो." मी म्हटलं, मग तुम्ही तसं सभेत का नाही म्हणाला? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भलतंच विचारलं होतं. काकाच्या बोलण्याला चारचौघांत हो म्हणायचं हे त्यांच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं.

निवडणूक झाली, आमचा माणूस निवडून आला, आणि आश्चर्य म्हणजे गाडीही आली. मुक्कामाची गाडी. दिवेलागणीला सांगलीहून यायची, रात्री देवळाजवळ थांबायची आणि झुंजुमुंजू व्हायच्या आत परत निघायची. पहिल्या दिवशी नारळ कुणी फोडायचा यावरून दोन आळ्यांत जुंपली, शेवटी ड्रायव्हरनंच फोडला. मला कॉलेजचा दाखला दाखवून पास मिळाला. पासावरच्या फोटोत मी रडवेली दिसते, कारण फोटोवाल्यानं "हस" म्हटलं होतं आणि वडील शेजारी उभे होते.

सुरुवातीला आम्ही तिघं होतो, मी आणि दोन मुलं. आम्ही एकत्र बसत नव्हतो, बोलतही नव्हतो, पण तिघं होतो. त्यातला एक भरतीत निवडला गेला आणि पलटणीत गेला. दुसऱ्याला साखर कारखान्यात ऊस तोलणारा काटेवाला म्हणून चिकटवून घेतलं. उरले मी. आयाबाया बाजाराच्या दिवशी यायच्या, एरवी त्या एवढ्या मोठ्या गाडीत फाट्यापर्यंत ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी. खिडक्यांच्या काचा रिकाम्या गाडीत जास्त खडखडतात. अंधारात तो खडखडाट ऐकत मी वह्या-पुस्तकं पोटाशी धरून बसायची.

हे असं फार दिवस चालणार नव्हतंच. डेपोतला एक साहेब गावात आला. भला माणूस होता, देवळाच्या पायरीवर बसून चहा घेतला आणि सांगितलं, "भारमान नाही." म्हणजे गाडीत माणसं पुरेशी नाहीत, डिझेल फुकट जातं. असंच राहिलं तर गाडी फाट्यावरनंच फिरवावी लागेल. तो बोलत होता आणि मी देवळाच्या खांबाआड उभी राहून ऐकत होते. घरी आईनं त्याच आठवड्यात कुणाकडं तरी माझ्या पत्रिकेचा विषय काढलेला मी ऐकला होता.

ग्रामसभा बसली. एकट्या पोरीसाठी अख्खी गाडी कशाला, असं कुणी तरी म्हणालंच. मग काका उठले आणि निवडणुकीतलंच पुन्हा म्हणाले, पण या वेळी शांतपणे, समजावून. "कुपवाडला, मिरजेला कामाला जानारी आपल्या गावची पोरं हायत. तिकीट परवडत न्हाई म्हणून तिथंच एकाएका खोलीत मेंढरासारखी ऱ्हात्यात. त्यांना पासाची सवलत मागा. समदं गाव मिळून तालुक्याला जाऊ. पोरं रोज ये-जा करतील आन गाडी आपसूक भरंल. पोरीचंबी काम हुईल."

आज मला वाटतं, त्या सभेत एवढं एकच शहाणपणाचं बोलणं झालं. पण ते खालच्या आळीतून आलं होतं. वरच्या आळीला वाटलं, ह्यात काही तरी गोम आहे, हा पोराचं घोडं पुढं दामटतोय. तेव्हा सुभेदार उठले.

सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आले होते आणि नदीवरच्या इंजिनाच्या पाण्याची पाळी तेच लावायचे. कुणाच्या उसाला कधी पाणी, हे त्यांच्या तोंडून निघालं की त्यावर अपील नसायचं. ते म्हणाले, "पाण्याची पाळी हाय, मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरला जेवाण घालायची पाळी हाय, मग गाडीत बसायचीबी पाळी लावू. रोज दहा-बारा घरांनी एकेक माणूस सांगलीला धाडायचा. तिकीट काढून. पोरगी शिकून निघंस्तवर."

सभा एकदम खूश झाली. पाळी हा प्रकार सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मागणी करा, तालुक्याला जा, अर्ज लिहा, यापेक्षा उद्या सकाळी कुणी उठायचं हे ठरवणं किती सोपं. काका म्हणाले, "अरं, ह्यो पंपाचा पट्टा तुटलाय म्हणून घागरीनं ऊस भिजवायचा धंदा हाय." कुणी ऐकलं नाही. काका उठून गेले आणि त्यांच्या घरानं पाळी घेतली नाही.

गाव माझ्यासाठी उठलं, यानं माझा ऊर भरून यायला हवा होता. आलाही, पहिले काही दिवस. पहाटे सुभेदार हातात काठी घेऊन गाडीजवळ उभे असायचे आणि ज्याची पाळी तो डोळे चोळत यायचा. "हजर!" असं त्याला मोठ्यानं म्हणायला लावायचे. एकानं फाट्यापर्यंतचंच तिकीट काढलं आणि तिथं उतरून चालत परत आला. त्याला सुभेदारांनी दिवसभर फैलावर घेतलं. पाणी अर्ध्यावर तोडणाऱ्याला जशा शिव्या बसतात तशा त्याला बसल्या.

त्यांनीच तो दुसरा हुकूम काढला. "पोरीला वाचायला मोकळी जागा पायजेल. तिच्या शेजारी कुनी बसायचं न्हाई. अंगाला अंग लागता कामा नये." गावाची लेक, सगळ्यांच्या जिवावर शिकणारी, तिला गर्दीत चेंगरायचं कसं? हुकूम पाळला गेला, आणि आमच्याकडं हुकूम पाळायचा म्हणजे त्याचा जीव जाईस्तवर पाळायचा. गाडी भरली की माणसं उभी राहायची, मांडीवर पोर घेऊन बाया खाली बसायच्या, पण माझ्या शेजारी कुणी टेकायचं नाही. एकदा फाट्यावर तपासनीस चढला. त्यानं उभी माणसं बघितली, रिकामी जागा बघितली.

"इथं का बसत नाही?"

"ती पोरीची जागा हाय."

"पोरगी तर खिडकीत बसलीय."

"व्हय. ती तिच्या पुस्तकाची."

"मग पुस्तकाचं तिकीट कुणी काढलंय?"

"आमी समद्यांनी काढलंय की," एक म्हातारा शांतपणे म्हणाला. तपासनीस मान हलवत उतरला. गाडी हसली. मला रडू येत होतं, ते मी खिडकीकडं तोंड करून जिरवलं.

कारण मला वाचायचं नव्हतं हो. अंधारात वाचणार काय? मला कुणाशी तरी बोलायचं होतं. बाजाराच्या एका पहाटे गाडी भरली होती आणि आमच्या आळीतली एक म्हातारी पदरात भाकरी बांधून उभी होती. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात निघाली होती. मी म्हटलं, "मावशी, बसा की इथं." ती मागं सरली. "नगं बाय. तुजं वाचाण ऱ्हाईल." मी पुस्तक मिटून दाखवलं. तर म्हणाली, "मग इचार करत आसशील. तो तुटंल." आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी सांगलीच्या पुलापर्यंत उभी राहिली.

लोकांनी पाळीचं सोनं केलं, हेही खरं. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी मिरजेला जाऊन दाखवून झाली. कुणाला चष्मा लागला, कुणी सांगलीत हळद विकली, एकानं पोटच्या पोराचं पलटणीतलं अडकलेलं पेन्शनचं काम मार्गी लावलं. ज्यांना काहीच काम नसायचं ते स्टँडवरच्या झाडाखाली भाकरी सोडून बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघायचे. माझं कॉलेज दुपारी सुटायचं. वर्गातल्या मुली सायकलींवरून घरी जायच्या, कुणाकडं तरी जमायच्या. एक-दोघींनी मला बोलावलं होतं, पण बोलताना माझ्या तोंडून "लय" निघायचं आणि त्या एकमेकींकडं बघायच्या. मग मी जाणं सोडलं. कॉलेजातल्या मुलींच्या खोलीत एकटीच बसून राहायची आणि गाडीच्या वेळेला स्टँडवर यायची. झाडाखालचा पाळीवाला मला बघून उठायचा, लांबूनच विचारायचा, "झालं का गं शिकून?" जसं काही आजच्याआज व्हायचं होतं. मी म्हणायची, "न्हाई अजून." तो म्हणायचा, "असूं दे. ऊसबी अठरा महिनं घेतोय."

कॉलेजात मी खेड्यातली, गावात मी कॉलेजातली. बरोबरीच्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायच्या, ओट्यावर बसून सासूच्या गोष्टी सांगायच्या. मी गेले की विषय बदलायचा. नापास व्हायचीही मला सोय नव्हती. नापास झाले तर सगळ्या गावाची पाळी एक वर्षानं वाढली असती.

शेवटच्या वर्षाआधीच्या पावसाळ्यात एका पहाटे काका गाडीत चढले. सुभेदारांची काठी वर उचललेली तशीच राहिली. काकांनी सांगलीचं तिकीट काढलं आणि सगळ्यात मागं जाऊन बसले. कुणी विचारलं, "आज कुठं, पाटील?" म्हणाले, "काम हाय." सांगलीत ते स्टँडवरच बसून होते. पुढच्या वेळी त्यांच्या घराची पाळी ज्या दिवशी पडायला हवी होती, त्याच दिवशी ते पुन्हा आले. मग येतच राहिले. कुणाला सांगितलं नाही, मानही तुकवली नाही, पण पाळी चुकवली नाही.

कारण मला थोड्या दिवसांनी कळलं. त्यांची धाकटी मुलगी, माझी चुलतबहीण, हुशार होती. घरची बोलाचाल बंद, त्यामुळं आमचं भेटणं म्हणजे देवळापुढचा आड. पहाटे ती पाणी न्यायला यायची आणि गाडी सुरू व्हायच्या आत घागर कमरेवर घेऊन माझ्या खिडकीखाली उभी राहायची. वर हात करून माझ्या पुस्तकाला शिवायची. त्या चार वर्षांत माझ्याशी कुणी जे काही खरं बोललं, ते एवढ्याशा वेळात तिनं. सांगलीत मुली कसल्या वेण्या घालतात, मास्तर ओरडतात का, इंग्रजी लय अवघड असतं का.

एकदा म्हणाली, "मी दहावी झाले की तितं बसनार." बोट माझ्या शेजारच्या जागेकडं.

"बस की," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच धरलीय."

"पर सुभेदार उठवतील."

"तू पुस्तक आण. पुस्तकाची जागा हाय ती."

ती इतकी हसली की घागर हिंदकळून तिचा परकर भिजला. त्या दिवसापासून ती रिकामी जागा मला टोचायची कमी झाली. कुणाची तरी आहे, असं वाटायला लागलं.

मी बी.ए. झाले. त्याच उन्हाळ्यात ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. माझ्या निकालाचे पेढे घेऊन वडील देवळात गेले आणि सुभेदारांनी तिथंच सभा भरवली. माझ्या गळ्यात हार घातला. मग काठी आपटून म्हणाले, "गावानं शब्द पाळला. पीक निघालं. पाळी बंद."

टाळ्या वाजल्या. काका उठले. मी त्यांना एवढं अवघडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"माझी पोरगी धावी झालीय," ते म्हणाले. "पाळी चालू ठिवा. माझं घर दुप्पट पाळी घेईल."

मग वरच्या आळीतला एक जण म्हणाला, "पाळी म्हंजी घागरीनं ऊस भिजवायचा धंदा, असं कोन म्हनलं हुतं, पाटील?"

हशा पिकला. काका उभेच होते. "मी म्हनलो हुतो," ते म्हणाले. "आन आजबी म्हनतो. पर पोरीला जायाचं हाय."

तेव्हा मी उठले. गळ्यात हार तसाच होता. त्या देवळात बाईमाणसानं सभेत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण मला त्या दिवशी कशाचीच भीती वाटली नाही. मी म्हटलं, गाडी एकदा बंद झाली तर परत येणार नाही. मी म्हटलं, निवडणुकीत काका जे म्हणाले ते आधीच केलं असतं, कामाला जाणाऱ्या पोरांनाही पास मागितला असता, तर आज पाळी लागलीच नसती. तेही करू आणि ते होईस्तोवर पाळी चालू ठेवू. माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत, आता मी मागते म्हणून एवढं करा.

सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. ते कौतुकच मला नडलं. मी काय बोलते आहे हे कुणी ऐकत नव्हतं, मी बोलते आहे हे बघत होते. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगा," ते म्हणाले, "कशी बोलाय लागली. आपल्या पाळीचं चीज झालं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुजं झालं न्हवं बाय? आता तू निवांत ऱ्हा."

मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. घरी आल्यावर म्हणाले, "चार वर्सं लोकांनी आपल्या रानात पानी सोडलं. आता त्यास्नी आनखी कुठल्या तोंडानं मागू?" मी म्हटलं, ती तुमच्या चुलतभावाची मुलगी आहे. ते म्हणाले, "म्हणून तर." त्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला साताऱ्याला कचेरीत नोकरी लागली. एका पेठेत खोली घेतली, कचेरी गावाबाहेर, रोज बसनं जायचं. पहिल्या दिवशी एक बाई भाजीची पाटी घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसायला लागली, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं कुणी तरी आहे." ती बिचारी उभी राहिली. दोन थांबे गेले तरी कुणी आलं नाही, तेव्हा माझ्याकडं रागानं बघत बसली. तिला काय सांगणार? संध्याकाळी खोलीवर आले की बोलायला भिंती. उंब्रजकडून, म्हणजे आमच्या गावाच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या शहरात शिरताना भोंगा वाजवायच्या, तो ऐकून मी उगाच उठून खिडकीशी जायची. गावाकडची आठवण येत होती म्हणावं, तर गावातही मी एकटीच होते. तरी यायची.

दिवाळीला घरी निघाले. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. आत जाणारी गाडी पावसाळ्यातच बंद झाली होती, आईच्या पत्रातून कळलं होतं. कॉलेजच्या चार वर्षांत जे दोन कोस मला चालू दिले नव्हते, ते आता चालायचे होते. उसाच्या मधून रस्ता, कुठं माणूस नाही. थोडं अंतर गेले असेन, मागून सायकल आली. काका होते. उतरले, माझी पिशवी न विचारता हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायला लागले. जन्मात पहिल्यांदाच आम्ही दोघं असे बरोबर चाललो होतो.

मग ते म्हणाले, "पोरीची सुपारी फुटली. तुळशीच्या लग्नानंतर हाय. पोरगा चांगला हाय, पलटणीत."

मी कडेच्या उसाचं एक पान तोडून घेतलं.

"गावात समदी म्हनत्यात, तू पयली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मी शोधून बघितला. "पयली हाईसच. पर मला वाटतंय, शेवटचीबी तूच."

मला तिथंच उसात जाऊन बसावं असं वाटलं. चालत राहिले. त्यांनी माझी पिशवी आमच्या उंबऱ्यावर ठेवली नाही, आपल्याच घराच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि आत पोरीला हाक मारली.

ती बाहेर आली. हाताला पीठ होतं. केस वर बांधलेले, सांगलीतल्या मुली घालतात म्हणून मी सांगितलं होतं तसे. माझ्याकडं बघून हसली. काकांसमोर एकमेकींशी बोलायची दोघींनाही सवय नव्हती, म्हणून तिनं आधी हाताचं पीठ पदराला पुसलं.

"साताऱ्यात यष्टीनंच जातीस कामाला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग तितं तुज्या शेजारी कोन बसतं?"

"कुनीबी बसतं," मी म्हटलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, माज्यापायी अजून धरून बसलीस का काय."